मास्तरांचं तंतोतंत माप

प्रयोगशाळांसाठी काचेचे चंबू फुंकणाऱ्या मास्तरांना एक खोड होती: दिसेल ती वस्तू मोजायची. बायको अजून सांगते, "मला बघायला आले होते की मापायला, देव जाणे!"

कर्करोगाच्या ऑपरेशननंतर आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावावी लागली. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. मास्तर आधी घाबरले आणि आठवडाभरात त्यांनी वही उघडली. लालबुंद, ओलसर, हात लावला तरी दुखत नाही, हे प्रकरण तरी काय? बाथरूमला आतून कडी घालून ते सकाळ-संध्याकाळ प्लॅस्टिकच्या व्हर्निअरने मोजत. बायकोला मात्र आत येऊ देत नसत. "बघण्यासारखं काही नाही," म्हणत. तिला ते फार लागायचं.

घरामागच्या खोलीत बर्नर पुन्हा पेटला आणि वही बोलायला लागली. सकाळी दोन सेंटिमीटर बाहेर. नुसत्या नळ्या वाकवल्या तर संध्याकाळी तीन. खोकला झाला त्या दिवशी चार. पाच लिटरचा चंबू फुंकला की सहा! रात्री आडवं झालं की पुन्हा आत. आकड्यांचा मेळ बसला म्हणून मास्तर चक्क खूश झाले. पण हॉस्पिटलमध्ये स्टोमाची काळजी घेणाऱ्या सिस्टरना सांगायची हिंमत होईना. त्यांनी फुंकणं बंद करायला लावलं, तर तीस वर्षांच्या हाताचं करायचं काय?

शिवाय पिशवीचं भोक ते सकाळच्या मापाने कापत, काचेला काच बसवावी तसं, फटही न ठेवता. एका दुपारी मोठा चंबू फुंकून ते आत गेले आणि हादरले. आतडं आठ सेंटिमीटर बाहेर, सुजलेलं, आणि मुळाशी पिशवीची कडा रुतलेली. त्यांनी पिशवी काढली, पण आतडं काही आत जाईना. मग मात्र सिस्टरना फोन लागला.

"रंग कसा आहे? जांभळा, काळपट?"

"लालच आहे."

"मग आडवे व्हा. कुणाला तरी साखर आणायला सांगा, त्यावर पसरायची. साखर पाणी ओढते, सूज उतरते, मग तळव्याने हलकेच दाबायचं. जोर नाही. आत गेलं नाही किंवा रंग बदलला तर तडक इकडे."

"साखर किती ग्रॅम?"

"अहो मास्तर, मूठभर!"

मास्तरांनी कडी काढली. बायको डबा घेऊन आली आणि त्यांनी शरमेने डोळे मिटून घेतले. ती वाकली, आणखी वाकली.

"अहो, हे तर गालाच्या आतल्या बाजूसारखं दिसतंय. एवढ्यासाठी तीन महिने कडी?"

साखर पसरली तसं पाणी सुटायला लागलं. "बघा बघा, पाझरतंय!" ती म्हणाली, आणि रुग्णानेही मान उचलून पाहिलं. अर्ध्या तासाने तिच्या तळव्याखाली ते सावकाश आत सरकलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी वही शेवटपर्यंत वाचली. आतडं बाहेर काढलेल्या जागी पोटाचा स्नायू सैल पडला होता, आणि फुंकताना पोटातला दाब आतड्याला बाहेर ढकलत होता. पट्टा बांधा, भोक जरा मोठं कापा, पुन्हा पुन्हा असं झालं तर ऑपरेशनचा विचार करू. "आणि मोठे चंबू बंद."

घरी मास्तर बर्नरसमोर नुसते बसून राहिले. चंबूला जोडलेली, फुंकायची रबरी नळी मांडीवर पडली होती. त्यांना रडू आवरेना.

बायकोने नळीचं टोक उचललं. "इथे तुमचंच तोंड हवं असं कुठे लिहिलंय?"

पहिला चंबू वाकडा झाला, दुसरा फुटला. मास्तर काच फिरवत ओरडत होते, "हळू, हळू गं, पुरे!" तिसरा गोल आला. त्यांनी मोजला.

"अर्धा मिलिमीटर कमी आहे."

"असू दे," ती तोंड पुसत म्हणाली. "संध्याकाळ झाली, तुमचं बाकी आहे. प्लॅस्टिकचं कुठे ठेवलंय? आज मी मोजते."

मास्तरांनी खिशातून व्हर्निअर काढून तिच्या हातात दिलं.