वाघमारे भाऊंची तीन पानं

रविवार, ९ ऑगस्ट. जुना प्रिंटर विकायचा आहे, म्हणून सकाळपासून त्याची मेमरी पुसत बसले आहे. वायफायचा पासवर्ड, स्कॅन पाठवायचे ईमेल पत्ते, सगळं काढायचं. ही शिस्त वाघमारे भाऊंची.

भाऊ चिंचवडला आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायचे. निघोजेच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी मेंटेनन्सला काढली. मी घरून टायपिंग आणि कागदपत्रांची कामं करते. प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, शोधताना पहिली दिसली ती साइट मी उघडली आणि संगणक जाहिरातींनी भरून गेला, तेव्हा ते पहिल्यांदा वर आले.

"ताई, तहान लागली म्हणून कुणाच्याही बाटलीला तोंड लावता का?" मग प्रिंटरचा पासवर्ड पाहिला. "खोक्यातून आला तोच? म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधून कुणीही तुमच्या गिऱ्हाइकांची आधार कार्डं बघत बसेल की!"

यंत्राला हात लावण्याआधी ते त्यावर लाल टॅग अडकवायचे. 'काम चालू आहे. चालू करू नये.' खाली सही. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, मोठे साहेब आले तरी. माझ्या एवढ्याशा प्रिंटरलाही टॅग लागायचा. मी हसायचे.

"हसा. आमच्या शिफ्टला एकाची बोटं गेली, ती असंच हसत हसत."

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी मला तीन पानं छापायला पाठवली. हॉस्पिटलचा रिपोर्ट होता. कॅन्सर, पसरलेला. म्हणाले, "प्राचीला कळता कामा नये. पंधरा दिवसांत ती कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीला चाललीय. एकदा विमानात बसू दे, मग बघू." प्राची त्यांची एकुलती एक. आई नव्हतीच.

नेमका अपडेटनंतर ड्रायव्हर बिघडलेला. मी तीनदा प्रिंट दिलं, काही निघेना. भाऊंनी टॅग लावला. "न निघालेला कागद गेलेला नसतो, ताई. आत रांगेत बसलेला असतो. आता दवाखान्यात जायचंय. उद्या येऊन रांग साफ करतो, तोवर हात लावू नका."

दुपारी प्राची आली. "काकू, कंपनीची पत्रं आजच द्यायचीत. काढून द्या ना पटकन."

मी टॅग काढला. नवा ड्रायव्हर टाकला आणि प्रिंटर चालू झाला. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. प्राची ट्रेपाशी उभी होती. तिची पत्रं आली नाहीत. मी प्लग ओढेपर्यंत तीन पानं बाहेर पडली होती आणि ती वाचत होती.

संध्याकाळी भाऊ आले. ओरडतील असं वाटलं होतं.

"किती निघाली?"

"तीन."

"तीनदा दिलेलं तुम्ही. म्हणजे अजून सहा आहेत आत." बसून त्यांनी ती सहा पानं रांगेतून पुसून टाकली आणि खाली गेले.

प्राची जर्मनीला गेली नाही. भाऊ त्याच वर्षी जुलैत गेले. जलदान विधीला ती मला म्हणाली, "बाबांना तोंडानं सांगवत नव्हतं, काकू. म्हणून त्यांनी मुद्दाम ते तुमच्या मशिनमध्ये ठेवलं. मी थांबावं असं त्यांना वाटत होतं." येईल त्याला ती हेच सांगत होती. मी चहाचे कप गोळा करत राहिले.

तेव्हापासून हा प्रिंटर मध्येच आपोआप जागा होतो, आतला रोलर फिरतो. शाईची नळी साफ करतो, दुसरं काही नाही. तरी मी गॅस बंद करून जाते आणि ट्रे बघते. आज सगळं पुसून झाल्यावरही बघितला.

कंपनीनं प्राचीला पुन्हा जर्मनीचं विचारलंय. उद्या उत्तर द्यायचंय. काल जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "नाहीच म्हणणार आहे. बाबांना मी इथंच हवी होते."

सोमवार, १० ऑगस्ट. सकाळी, तिची कंपनीची बस यायच्या आत, मी खाली गेले. ती डबा भरत होती.

"प्राची, बाबांनी तुला काही मुद्दाम दाखवलं नाही. तू जावंस म्हणून ते लपवत होते. ती पानं माझ्या घाईनं निघाली."

तिच्या हातातली पोळी तशीच राहिली. बाहेर बसनं दोनदा हॉर्न दिला. मी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.