आधी रिकामं पारडं

सगीराबाई इनामदारांइतकी चिकट बाई मी उभ्या नोकरीत पाहिली नाही, आणि माझी नोकरी एकोणतीस वर्षांची आहे. मी सखाराम, सरकारी प्रयोगशाळेच्या आवक खिडकीवरचा कारकून. पोलिसांनी पकडलेला मुद्देमाल माझ्याकडे येतो. मी सील तपासतो, पावती फाडतो आणि पाकीट आत बाईंकडे पाठवतो. पाकिटातली पूड नशेची आहे की नाही ते बाई सांगतात. त्यांच्या सहीवर माणूस तुरुंगात राहतो, नाहीतर घरी जातो.

बाई मूळच्या गंगापूरच्या. वडील आठवडी बाजारात तराजू दुरुस्त करायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ते आधी रिकामी पारडी टांगून काटा मधोमध येतो का बघायचे, मगच वजन टाकायचे. बाईंचीही तीच खोड. पुडीचं द्रावण मशीनला देण्याआधी त्या नुसतं द्रावक देतात. याला कोरी चाचणी म्हणतात. कागदावर सरळ रेघ आली की सगळं स्वच्छ, मग खरा नमुना. दिवसातून पंधरा-वीस वेळा हे चालतं, आणि अहवालाला उशीर का म्हणून शिव्या मी खातो.

पकडलेली नशा कशी तपासायची, याचे सगळ्या जगासाठी एकच नियम लिहायला एक समिती बसली. छोट्या प्रयोगशाळांच्या वतीने तिने आमच्या बाईंना घेतलं. दर गुरुवारी संध्याकाळी पाचला बाई संगणकासमोर बसत. मोठ्या देशांचे लोक म्हणत, कोरी चाचणी जमेल तशी करावी. बाई म्हणत, जमेल तशी नाही, केलीच पाहिजे. सहा महिने ही घासाघीस चालली. मी चिडवायचो, "मॅडम, तिकडं तुमचं एवढं ऐकतात, मग इथला पंखा तेवढा दुरुस्त करून घ्या त्यांच्याकडून."

त्याच दिवसांत साळूबाई आमच्या फाटकापाशी येऊन बसायला लागली. तिचा मुलगा कडुबा शहरातून शेळ्यांच्या जंतांवरच्या औषधाची सुटी पूड घेऊन काळीपिवळी जीपने गावी निघाला होता. अर्धा किलो पांढरी पूड, ना छाप ना बिल. नाक्यावर पोलिसांच्या तपासणी किटमध्ये तिला नशेचा रंग आला (तो काही औषधांनाही येतो) आणि कडुबा हर्सूलच्या तुरुंगात गेला. पुढे आमचा अहवाल गेला, की पुडीत एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशा, आहे. एमडी कणभर असली तरी कायदा अख्ख्या पुडीचं वजन धरतो. जामीन नाकारला गेला.

"सायेब, शेळ्यांचं औषध हाय वो ते," साळूबाई रोज सांगायची.

"मावशी, मशीन खोटं बोलत नाही," मी रोज म्हणायचो. रुबाबात म्हणायचो, हे आता लिहिताना लाज वाटते.

त्या गुरुवारी चार वाजता मी सह्यांची वही घेऊन बाईंच्या टेबलाशी उभा होतो. कोरी चाचणीचं कलम समितीने त्यांनाच लिहायला सांगितलं होतं. बाई लिहिता लिहिता मला मराठीत सांगत होत्या. "कोरी चाचणी त्याच बाटलीतल्या द्रावकाने, त्याच नळीने, त्याच हाताने..." आणि एकदम थांबल्या.

"भाऊ, मी कोरीसाठी द्रावक कुठून घेते?"

"मला काय माहीत?"

"मोठ्या बाटलीतून. आणि नमुन्यासाठी?"

दोघांनीही टेबलाकडे पाहिलं. मोठी बाटली जड म्हणून नमुन्यांसाठी हाताशी एक छोटी ठेवलेली असते. ती संपत आली की मोठीतून तीत ओतायचं. तळाचं फेकायचं नाही, बाटली धुवायची नाही. घरात तेलाच्या बरणीचं करतो तसंच. त्यात काही चूक आहे असं आमच्यापैकी कुणालाच कधी वाटलं नव्हतं. आणि दोन-अडीच महिन्यांपूर्वी एका कारखान्यावरच्या धाडीतल्या किलोकिलो एमडीचे नमुने याच टेबलावर, याच बाटलीच्या द्रावकात विरघळले होते, आणि तीच नळी पुन्हा पुन्हा बाटलीत बुडाली होती.

बाईंनी छोट्या बाटलीतलं नुसतं द्रावक मशीनला दिलं. वीस मिनिटं लागणार होती. त्या बसल्याही नाहीत. मी मनात म्हणत होतो, सरळ रेघ येऊ दे बाबा, सरळ येऊ दे. अकराव्या मिनिटाला रेघ उचलली आणि तिने टोक काढलं. बारीक, पण एमडीचंच.

"कडुबाचंही एवढंच होतं," बाई म्हणाल्या. "बारीक हाय, पण हाय, असं म्हणून सही केली मी."

त्यांनी वही चाळली. धाडीनंतर त्या बाटलीवर 'एमडी आहे' असे अकरा अहवाल गेले होते. त्यांनी प्रयोगशाळेच्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू येत होता. अकराच्या अकरा मागे घ्यायचे? त्यांत दोघं तर पक्के धंदेवाले आहेत. त्यांचे वकील नाचतील, तुमची नोकरी जाईल. आठ दिवस थांबा, गुपचूप पुन्हा तपासू.

"साहेब, प्रत्येक मालाची दोन पाकिटं होतात, दुसरी कोर्टात सीलबंद हायेत. धंदेवाल्यांची कुणीबी तपासली तरी एमडीच निघंल," बाई म्हणाल्या. "पण कडुबाचे आठ दिवस मी गुपचूप कुठून भरून देऊ?"

फोन ठेवून त्यांनी पत्र लिहिलं. अकरा अहवाल मागे घेत आहे, चूक माझी आहे, दुसरी पाकिटं दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासावीत. मी जावक क्रमांक टाकला.

समितीच्या बैठकीला बाई चाळीस मिनिटं उशिरा बसल्या आणि उशिराचं कारण त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. मग एका म्हाताऱ्या गृहस्थाने विचारलं, हे उदाहरण नाव गाळून टिपणीत घालू का? बाई म्हणाल्या, घाला. त्यानंतर 'जमेल तशी' म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही.

शुक्रवारी पत्र मी स्वतः स्कूटरवरून कोर्टात नेलं. सोमवारी बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. निकाल यायला एकोणीस दिवस लागले. नऊ पाकिटांत एमडीच होती. कडुबाच्या पाकिटात शेळ्यांचं औषध निघालं. अकरावं पाकीटही स्वच्छ निघालं. तो माणूस परमुलखातला होता, त्याच्यासाठी आमच्या फाटकाशी कधीच कुणी येऊन बसलं नव्हतं.

कडुबा सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी साळूबाई आली. ती फाटकाशी बसली नाही, थेट आत आली. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्याच सहीनं अडकला, अन् तुमच्याच सहीनं सुटला," साळूबाई म्हणाली. "आता तुमाला दुवा देऊ का शिव्या देऊ?"

"आधी शिव्या द्या," बाई म्हणाल्या.

साळूबाईने दिल्या. तीन महिन्यांच्या साठलेल्या, एकही न गाळता. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. मग साळूबाईची नजर माझ्या खिडकीकडे वळली.

"अन् मशीन खोटं बोलत नाय म्हननारं ते कुठं हाय?"

मी खिडकीमागून उठलो आणि बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.