आईला दिसेल इतकाच गुलाबी

सन २०१८, जानेवारी. हुरड्याचे दिवस.

लॅबमध्ये बाटली आली की संपते, नाहीतर फुटते. किस्सा मात्र एकदा आला की जात नाही, उलट त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसतो. माझ्याकडे असे कपाटभर आहेत. आज फक्त दत्ताचे सांगतो.

मी नांदेडच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अटेंडंट होतो. शिक्षण सातवी. पोरे मामा म्हणत. मे महिन्यात रिटायर होणार होतो. त्याआधी मार्चात बीएस्सी पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा. कोणत्या टेबलावर कोणती बाटली, कोणता फ्लास्क, ही परीक्षेची मांडणी कायम माझी. बाहेरून परीक्षक येतो, तो आधी मांडणी बघतो. माझी इज्जत त्या टेबलांवर होती.

अशात जानेवारीत संस्थेच्या लातूरच्या कॉलेजातून दत्ता बदलून आला. वय तिशीच्या आत, शिक्षण बीएस्सी. त्याला शेजारची लहान लॅब मिळाली. आमच्या विभागप्रमुख वट्टमवार मॅडम मला म्हणाल्या, "मामा, यंदाची मांडणी दत्ताकडे देऊ का? तुम्हाला तेवढाच आराम."

मी म्हणालो, "आराम जूनपासून हायच की!"

मॅडम म्हणाल्या, "बघू."

त्या 'बघू'ने माझी झोप नेली.

*

पहिल्याच आठवड्यात एक पोरगा आला. "सर, इंडिकेटर कुठंय?" मी कपाटाकडे वळलो, तर तो दत्ताला विचारत होता!

मी म्हणालो, "काय रे, ह्याला सर अन् मला मामा?"

"मामा, ते अ‍ॅप्रन घालतेत नं!"

मी दुसऱ्या दिवशी पांढरा अ‍ॅप्रन घालून गेलो. कडक इस्त्री. दारातच एक पोरगी म्हणाली, "अगं बाई! मामा, दवाखान्यात लागलात का?"

अ‍ॅप्रन बायकोने पिशव्या शिवायला घेतला.

*

इंडिकेटर म्हणजे आम्ल कुठे संपले ते रंगाने सांगणारे औषध. त्यातले फिनॉल्फ्थॅलिन हे नाव माझ्या तोंडात कधी नीट बसले नाही, पण काम पाठ. आम्लात दोन थेंब टाका, पाण्यासारखेच दिसते. मग वरून नळीतून कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडायचा. आम्ल संपले की पुढच्या एका थेंबात गुलाबी! तिथेच थांबायचे. पोरे थांबत नाहीत. गडद गुलाबी झाले की गेले मार्क.

मी वर्षानुवर्षे ओरडत आलो, "फिक्का! फिक्का पाहिजे!" कोणी ऐकले नाही.

दत्ता एकदाच म्हणाला, "पोरांनो, गुलाबी इतकाच यावा की आईला दिसेल अन् बापाला न्हाई."

सगळी लॅब हसली. त्या दिवसापासून एकाही फ्लास्कात गडद रंग नाही.

मी मॅडमना म्हणालो, "हे काय शिकवणं झालं?" दत्ताचे ते वाक्य मला का सुचले नाही, एवढेच मनात होते.

*

दत्ताच्या बहिणीची हळद कंधारला होती. तो तिथून थेट कॉलेजात आला, बाहीवर पिवळा डाग. घरातल्या कोणत्याही बाईला माहीत असते की हळदीला साबण लावला की काय होते. मी प्रेमाने साबणाची वडी पुढे केली. "घे, धुऊन टाक."

त्याने चोळले. डाग लालभडक! पोरे खिदळली. मला बरे वाटले.

दत्ताने बाही वर केली. "बघा रे! हळद बी इंडिकेटरच. साबण अल्कली, म्हणून लाल. आता आंबट लावू, परत पिवळी होती का बघू."

झाली पिवळी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमही दारात उभ्या राहून बघत होत्या.

आणि लिंबू आणायला मॅडमनी मला पिटाळले होते!

*

सराव परीक्षेत मॅडमनी भोकरच्या एका पोराला तोंडी विचारले, "आम्लात फिनॉल्फ्थॅलिनचा रंग कोणता?"

"पाण्यासारखा, मॅडम."

"रंगाचं नाव सांग."

"रंगच न्हाई तर नाव कशाचं सांगू?"

मॅडम खूश. "कोणी शिकवलं रे?"

मी पुढे झालो. दत्ताही पुढे झाला.

पोरगा म्हणाला, "आमच्या आईनं. ती बारावी सायन्स हाय."

*

अखेर मॅडम म्हणाल्या, "मांडणी मामाच करतील. शेवटचं वर्ष आहे त्यांचं." मी दत्ताकडे बघितले. तो म्हणाला, "मदत लागली तर हाक मारा."

मी म्हणालो, "लातूर पॅटर्न तुझ्यापाशीच ठेव."

परीक्षेच्या पहिल्या दिवशी टेबले आरशासारखी होती. परीक्षक आले, फिरले, मान डोलावली. मग मागे वळताना त्यांचे कोपर फिनॉल्फ्थॅलिनच्या मोठ्या बाटलीला लागले. बाटली खाली. सगळीकडे स्पिरिटचा वास. पोरे अजून बाहेर उभी होती, आणि छोट्या बाटल्या भरायच्याच होत्या. नवे करायला पूड होती, पण ती विरघळवायचे स्पिरिट संपलेले.

परीक्षकांनी रुमालाने बाही पुसली. "जास्तीची बाटली नाही? ही मांडणी कोणाची?"

मी खाली वाकून काचा गोळा करू लागलो.

दत्ता शेजारून आला. हातात भरलेली बाटली. "मामांनी काल माझ्याकडं ठेवायला दिली होती, सर. म्हणले, एका जागी सगळं नको."

परीक्षक मला म्हणाले, "वा! जुनी माणसं खरंच पुढचं बघतात."

शाबासकी माझी, बाटली त्याची. त्यापेक्षा परीक्षकांची बोलणी परवडली असती. दत्ताने ना तेव्हा काही बोलून दाखवले, ना संध्याकाळी. बोलला असता तर दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या निम्म्या पोरांची परीक्षा. माझ्या नोकरीतली शेवटची मांडणी. मी सकाळी लवकर गेलो. दत्ता त्याच्या लॅबमध्ये फ्लास्क पुसत होता. मी माझ्या कपाटाच्या किल्ल्या त्याच्या टेबलावर ठेवल्या.

"मामा, हे काय?"

"टेबलं मांड."

मी बाहेर स्टूल टाकून बसलो. आतून त्याने बाटल्या मांडल्याचे आवाज येत राहिले.