एका दावणीच्या वायरी

सुतळीचा वास आला की मला नाशिकमधली माझी भाड्याची पहिली खोली आठवते. नोकरी लागल्यावर मी अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घेतले होते, आणि निफाडहून आलेल्या वडिलांना त्यांनीच गावच्या सप्ताहात गायलेला, मी रेकॉर्ड करून ठेवलेला अभंग त्यावर ऐकवायचा होता. त्यांनी स्वतःचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. नीटनेटकं दिसावं म्हणून सगळ्या वायरी मी आमच्या द्राक्षबागेतल्या सुतळीने एकत्र करकचून बांधल्या होत्या. बटण दाबलं, तर अभंगापेक्षा मोठी घूंऽऽ अशी घरघर! त्यांच्या बसला जेमतेम तास उरला होता आणि मी घामाघूम होऊन पिना काढत-लावत होतो. वडील वाकून म्हणाले, "इंजिनेर साहेब, लाइटीची वायर अन् गाण्याची वायर एकाच दावणीला? मारका बैल शेजारी बांधल्यावर गाय दूध देईल का रे?" मी सुतळी सोडली आणि आवाजाच्या वायरी विजेच्या वायरीपासून हातभर लांब नेल्या. घरघर थांबली, अभंग खोलीभर घुमला. वडील डोळे मिटून ऐकत राहिले, मग लाजून म्हणाले, "लय बेसूर हाय की मी! परत लाव." बस चुकली, अभंग चार वेळा वाजला. विजेच्या वायरीमुळे शेजारच्या आवाजाच्या वायरीत घरघर का येते, या प्रश्नाचं उत्तर परीक्षेत मी पाठ करून लिहिलं होतं. आता मात्र वायरी जोडताना मी आधी दावणी वेगळ्या करतो, आणि पहिला तोच बेसूर अभंग लावतो.