कंपालात हललेली खूण

एन्तेबीच्या तळावर संध्याकाळचा फॉलइन, म्हणजे रांगेतली हजेरी, होता. आमचे मेजरसाहेब म्हणाले, "विमान एक दिवस लेट आहे. उद्या आउटपास. कंपाला बघून या. जोडीनं जायचं, जोडीनं यायचं. सहाला रोलकॉल."

आमची पलटण तेव्हा युनोच्या शांतिसेनेत होती. ठाणं पूर्व काँगोच्या डोंगरात. मी हवालदार होतो आणि सामान न्यायला छोटी तुकडी घेऊन शेजारच्या युगांडात आलो होतो. कंपाला ही युगांडाची राजधानी, तळापासून तासाभराच्या रस्त्यावर. महिनोन्महिने चिखल, वाळूची पोती आणि एकमेकांची तोंडं बघितलेल्या माणसांना राजधानी म्हणजे जत्राच.

हल्ली मी लेकीकडे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला असतो. जावई तिथे केमिकल इंजिनियर आहेत. इथल्या मराठी मंडळींना जुना फौजी दिसला की गोळीबाराची गोष्ट हवी असते. मी कंपालाची सांगतो. त्यांचा जरा हिरमोड होतो. होऊ दे. गोळीबार एका सकाळी होऊन गेला, कंपालाचा दिवस मला जन्मभर पुरला आहे.

माझा बडी होता नाईक बबन शेलार. बडी म्हणजे जोडीदार. जेवण, पहारा, आजारपण, सगळं दोघांनी मिळून. शेलार जावळीच्या डोंगरातला. बोलायला कमी, खायला पुढे. घरी बायको मंगल आणि पाळण्यातली मुलगी अश्विनी.

सकाळी आम्ही साध्या कपड्यांत निघालो. कंपाला टेकड्यांवर वसलेलं शहर. चढ, उतार, आणि सगळीकडे माणसं. मोटरसायकलवर मागे बसवून नेणारे पोरगे अंगावर यायचे आणि हसून वाट काढायचे. डोक्यावर केळीचे घड घेतलेल्या बायका त्या गर्दीतून सरळ चालायच्या. इमारतींच्या कठड्यांवर कमरेएवढे उंच, टकले करकोचे बसलेले. शेलारनं थांबून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आपलं सुभेदारसाहेब हितं कवा आलं?" मी आतल्या आत हसलो. हवालदाराला उघड हसता येत नाही.

दुपारी आम्ही शहराच्या मधल्या खोलगटातल्या टॅक्सी पार्कमध्ये उतरलो. इथली टॅक्सी म्हणजे आपल्या साताऱ्याकडची वडाप. चौदा-पंधरा माणसांची व्हॅन, भरल्याशिवाय हलायची नाही. एवढं मोठं मैदान, आणि त्यात व्हॅनला व्हॅन चिकटून उभी. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांना निळ्या चौकड्यांचा पट्टा. कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. काठाशी ममा ग्रेस नावाच्या बाईचं पालाखालचं जेवण होतं. तिथे आम्ही उकडून कुस्करलेली केळी आणि शेंगदाण्याचं कालवण खाल्लं. शेलारनं दोनदा वाढून घेतलं. घरचं शेंगदाण्याचं काही खाऊन त्याला वर्ष होत आलं होतं.

उठताना मी म्हणालो, आरव्ही ठरव. आरव्ही म्हणजे चुकामूक झाली तर भेटायची जागा. शेलारनं समोर बोट दाखवलं. एका व्हॅनच्या मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'थँक यू गॉड' लिहिलं होतं. मी मान डोलावली.

आता गंमत बघा. मी रंगरुटांना मॅप रीडिंग शिकवलेला माणूस. पहिल्याच धड्याला मी सांगायचो की चरणारी म्हैस ही खूण नव्हे. आणि वडाप भरली की जाते, हे साताऱ्याच्या दोन माणसांना कुणी सांगायला हवं होतं का? पण ती व्हॅन रिकामी होती. रिकामी म्हणून आम्हाला ती कायमची वाटली.

पुढच्या गल्लीत हातगाड्यांची रांग आमच्यामधून घुसली. ती गेली तेव्हा शेलार नव्हता. मी परत फिरलो. 'थँक यू गॉड' निघून गेली होती. तिच्या जागी दुसरी पांढरी व्हॅन, तोच निळा पट्टा.

आमच्यात फोन एकच, तो माझ्याकडे. परक्या देशात जवान रोलकॉलला नसणं ही साधी बाब नसते. चौकशी, मायदेशी रवानगी, सर्व्हिस रेकॉर्डवर डाग. शेलारची बढती तोंडावर होती. मी त्या मैदानाला वेडे फेरे घातले. घामानं भिजलो. खरं सांगायचं तर घाबरलो.

मग ऐकू आलं. गावांच्या नावांच्या गलक्यात एक कंडक्टर ओरडत होता, "मुयिंडी! सोल्जर!" मुयिंडी म्हणजे भारतीय माणूस. दुसऱ्यानं ती हाक उचलली, मग तिसऱ्यानं. मी हात वर केला. त्यांनी मला एकाकडून दुसऱ्याकडे असं करत ममा ग्रेसच्या पालापाशी पोचवलं.

शेलार तिथे उभा होता. बाकडं रिकामं होतं, पण तो उन्हात, विश्राममध्ये, हात मागे बांधून. शेजारच्या फळवालीनं त्याच्या डोक्यावर आपली रंगीत छत्री धरली होती. फौजेचा नियम आहे, खूण नाही सापडली तर शेवटी एकत्र थांबलो होतो त्या जागी ये आणि हलू नकोस. तो नियम मी विसरलो, तो विसरला नाही.

ममा ग्रेस मला इंग्रजीत म्हणाली, "मी म्हटलं, बस. तर म्हणाला, बसलो तर माझ्या भावाला दिसणार नाही. म्हणून मी पोरांना ओरडायला लावलं."

घड्याळ पुढे सरकलं होतं. एन्तेबीची व्हॅन अर्धी रिकामी. तिच्या कंडक्टरला ममा ग्रेसनं त्यांच्या भाषेत काहीतरी सुनावलं. त्यानं आत बसलेल्या लोकांना विचारलं. ते हो म्हणाले असावेत, कारण त्यानं दार ओढलं आणि रिकाम्या जागांसकट गाडी सोडली. वडाप रिकामी सुटलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच बघितली. आम्ही रोलकॉलला पोचलो. त्या माणसांनी आम्हाला काही विचारलं नाही, आमच्याकडून काही घेतलं नाही. त्यांचे आभार मानायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून मी अजून मानतो.

त्या संध्याकाळी शेलारनं घरी फोन लावला. मंगलवहिनींना सगळा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. "हवालदार हरवलं हुतं, मी न्हाई," हे मला ऐकू जाईल अशा बेतानं.

पुढे पावसाळ्यात, काँगोतल्या आमच्या ठाण्याखालच्या गावावर हत्यारबंद टोळी आली. पहाटेचं धुकं होतं. गावकरी पोरंबाळं घेऊन आमच्याकडे धावत सुटले. शेलार गेटवर होता. मी वरच्या मोर्च्यात, रेडिओवर. रेडिओवर 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल; 'रॉजर' म्हणजे ऐकलं, समजलं.

"गेट, पोझिशन सांग. ओव्हर."

"गेटवरच. टॉर्च लावून उभा हाय. लोक येत्यात. ओव्हर."

"गेट, फायर जवळ आलाय. खाली बस. ओव्हर."

"बसलो तर त्यास्नी गेट दिसायचं न्हाई. ओव्हर."

मी म्हणालो, रॉजर. त्यापुढे उत्तर आलं नाही. त्या पहाटे गावातली बहुतेक माणसं आत आली होती. सगळी टॉर्चच्या दिशेनं आली. शेलारला आम्ही गेटवरून उचललं.

एवढंच सांगून मी थांबत असे. यंदा पुढचं घडलं.

अश्विनी शेलार इंजिनियर झाली, आणि तिला इथून जवळच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. मंगलवहिनींचा फोन आला. "भावजी, पोरगी पहिल्यांदाच एकटी निघालीया. तुम्ही हाईसा म्हणून सोडते." मी शब्द दिला.

ती विमानतळावरून गाडीनं मानहाइमला येणार होती. मानहाइम म्हणजे नदीपलीकडे. जर्मन स्टेशनांवर भेटायच्या जागेची पाटी असते, 'ट्रेफपुंक्ट'. बोल्टनं घट्ट बसवलेली आरव्ही. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी या देशाला मनोमन पूर्ण मार्क दिले होते. अश्विनीला कळवलं होतं, त्या पाटीखाली भेटू. लेक शर्मिला आणि मी तासभर आधीच तिथे उभे राहिलो.

गाडीची वेळ झाली. माणसं आली, गेली. अश्विनी नाही. तिच्या फोनला रेंज नव्हती. स्पीकरवर जर्मनमध्ये काहीतरी घोषणा झाली आणि शर्मिला म्हणाली, "बाबा, ग्लाइस बदललंय. गाडी दुसऱ्याच फलाटावर लागली. तर तुम्ही इथेच थांबा, मी बघून येते."

मी थांबलो नाही. बापाला गेटवरून जिवंत आणता आलं नाही, आता त्याची लेक मला सांभाळायला दिली होती. या वयात मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. शर्मिला मागून "बाबा, हळू" म्हणत होती.

शेवटच्या फलाटावर गर्दी ओसरली होती. गाडी निघून गेली होती. जिथे डब्यातून उतरली असेल तिथेच एक मुलगी दोन बॅगांमध्ये ताठ उभी होती. हात मागे बांधलेले. शेजारचं बाकडं रिकामं.

मी जवळ गेलो. दम लागला होता. म्हणालो, "अगं, बसायचंस ना बाळ."

"बसले असते तर तुम्हाला दिसले नसते, काका," ती म्हणाली. "फोन लागत नसला की जागा सोडायची नाही, आणि बसायचं नाही. आई म्हणते, पप्पांनी शिकवलंय."

त्यानं ते कंपालाच्या त्या संध्याकाळी शिकवलं, एका फोनवर, तिखटमीठ लावून. पोरगी तेव्हा पाळण्यात होती.

मी तिची एक बॅग उचलली, शर्मिलानं दुसरी. आम्ही पाटीखालून बाहेर पडलो. पुढे दोघी मुली बोलत चालल्या होत्या. मी दोन पावलं मागे राहिलो आणि ओठांतल्या ओठांत रिपोर्ट दिला.

गेट, पोरगी मिळाली. हलली नव्हती. ओव्हर.