आयरिस आणि ब्लँकेटची पिशवी

बायको गेली त्याला दोन महिने झाले होते. अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरामागे जेमतेम चार हात माती आहे. तिथे तिनं शेवटच्या आठवड्यात आयरिसच्या फुलांचे कंद लावले होते. इथल्या हवेत त्यांना थंडी मिळावी म्हणून आधी दीड महिना ते फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात होते आणि मी रोज कुरकुर करायचो. जानेवारीच्या अखेरीस सात कोंब वर आले, हिरवे, टोकदार. मुलगी शाळेची बस यायच्या आधी ते मोजून यायची. "सेव्हन, बाबा," एवढंच म्हणायची. दिवसभरात आमचं बोलणं साधारण तेवढंच होई.

मला मात्र काही वाटत नव्हतं. लोक भेटायला येत, डबे देऊन जात, वेळ लागेल म्हणत. मी मान हलवायचो. रडू आलं नाही. चहा गोड आहे की फिका, तेही कळायचं नाही. ते सात कोंब फुलावेत एवढं मात्र मनात होतं, कारण पोरीची सगळी भिस्त त्यांच्यावर होती.

मग मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो आला. अल ऐनकडे वाळवंटात दव गोठून गाड्यांच्या काचा पांढऱ्या झालेल्या. खाली कुणीतरी लिहिलं होतं, यल्ला, चला, स्वेटर काढा. आमच्याकडे तसलं काही होणार नाही, हे मला कळायला हवं होतं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कशाची तरी काळजी वाटली होती आणि मी त्या काळजीलाच धरून बसलो. गावी न्यायच्या जाड ब्लँकेटांच्या चेनवाल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्या इथे घरोघरी पलंगाखाली असतात. त्यातली सगळ्यात मोठी काढली, संध्याकाळी कोंबांवर पालथी घातली, कडेनं विटा लावल्या. सकाळी ती काढायचं डोक्यातही आलं नाही. उलट, चला, नीट झाकलंय, म्हणून निर्धास्तपणे दुबईला, सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसला गेलो. दिवसभर लख्ख ऊन होतं.

परतलो तेव्हा मुलगी मागच्या पायरीवर बसली होती. पिशवी तिनं बाजूला केली होती. कोंब शिजलेल्या पालकासारखे मातीवर लोळत होते. मी म्हणालो, मला वाटलं त्यांना थंडी बाधेल. ती माझ्याशी सहसा मराठीत बोलत नाही. त्या दिवशी बोलली, आवाज जराही न चढवता.

"आईलाही तू असंच पांघरूण घालून ऑफिसला गेलास."

खरं होतं. बायको गेली त्या दिवशी सकाळी ती म्हणाली होती, छातीत कसंतरी होतंय, थंडी वाजतेय. मी ब्लँकेट घातलं, कडा नीट खोचल्या, झोप म्हणालो आणि निघालो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पोरीला ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. मी तिच्याशेजारी बसलो. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि एक हुंदका ऐकू आला. तो माझा आहे हे कळायला मला एक क्षण लागला.