डबीतल्या पाच पत्त्या

बायकोला सांगितलेलं नाही. मुलांना नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं, ते मास्तर आता राहिले नाहीत. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळख असती तर आजही गप्पच बसलो असतो.

आमच्या मंठ्यात चहाच्या टपरीवर एक वाद कधी मिटत नाही. सगळ्यांत भारी बँड कोणता? म्हातारे म्हणतात, एक्क्याऐंशीच्या आसपासचा गुलाबमास्तरांचा. लाल कोट, ना माइक ना कर्णा, सगळं निव्वळ फुंकीवर. माझ्या वयाचे म्हणतात, नव्वदनंतरचा आमचा गाडीवाला — दिव्यांची गाडी, कॅसिओ, चार कर्णे. पोरांना दोन्हींचं हसू येतं, त्यांना डीजेशिवाय लग्न माहीत नाही. मग कोणीतरी माझ्याकडे वळतं. दोन्ही बँडांत क्लॅरोनेट वाजवलेला मी एकटाच उरलोय ना! आणि मी दरवेळी तेच सांगतो — मास्तर मोठेच, पण शेवटी त्यांचा दम संपला होता.

आता सगळा तालुका तेच म्हणतो. ते कानावर आलं की वाटतं, कधीतरी कोणी विचारेल, तुला कसं माहीत? अजून कोणी विचारलेलं नाही. पण टपरीवर नवा माणूस येऊन बसला की मी चहा अर्धा टाकून उठतो.

क्लॅरोनेट मला मास्तरांनीच शिकवला. फुकट, वर घरी जेवायला घालून. क्लॅरोनेटच्या तोंडाशी बोरूची पातळ पत्ती बसवतात, सूर निघतो तो तिच्यातून. तिला केसाएवढी चीर गेली तरी सूर फाटतो. मास्तर आपल्या पत्त्या तंबाखूच्या एका जुन्या डबीत ठेवायचे. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हापासून पत्त्या निवडायचं काम माझं. मग मी त्यांना सोडून गाडीवाल्या बँडात गेलो. रागावले असते तर बरं झालं असतं. नाही रागावले.

आणि मग घनसावंगीकडच्या एका खेड्यातलं ते लग्न आलं. वराकडून आम्ही, वधूकडून मास्तर. आमच्याकडे तेव्हा रीत होती — नवरदेव मारुतीच्या पारावर उतरला की दोन्ही बँड वेशीत समोरासमोर उभे राहायचे. ज्याचा सूर आधी तुटेल तो हरला. जिंकलेला बँड नवरदेवापुढे वाजवत मांडवापर्यंत जाणार, हरलेला वाद्यं खाली करून मुकाट मागून चालणार. मास्तर वेशीत कधी कोणाच्या मागून चालले नव्हते. माझा श्वास कुठं तुटतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि मी हरणार हे मला.

त्याआधी जेवणं झाली, दोन्ही बँडांची एकाच पंगतीत. मास्तरांनी मला हाक मारली आणि डबी पुढे केली. “पाह्य रे, यातली कोणती बरी हाये. मला काई दिसून न्हाई राह्यलं.”

समोरच्या बँडच्या माणसाच्या हातात आपली डबी कोण देतं? ते देत होते.

मी डबी घेऊन देवळाच्या मागे गेलो. पत्ती खरवडायला अर्धं ब्लेड आम्हा सगळ्यांच्याच खिशात असायचं, तेव्हा मी ते मुद्दाम नेलं होतं असं नाही — पण हे मी का सांगतोय? त्याने काही कमी होत नाही. आत पाच पत्त्या होत्या. पहिलीला चीर देताना हात कापत होता. पाचवीला कापत नव्हता. एवढी वर्षं झाली, मला जास्त भीती वाटते ती त्या पाचव्या पत्तीची.

वेशीत त्यांचा पहिलाच सूर फाटला. लोक हसले. त्यांनी पत्ती बदलली — पुन्हा तेच. तिसरी लावली. मग क्लॅरोनेट जमिनीकडे करून ते बाजूला झाले. आम्ही पुढे निघालो. मला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं असंच वाटून घ्यायचं होतं.

दोन दिवसांनी सकाळी मास्तर माझ्या घरी आले. एका हातात डबी, एका हातात क्लॅरोनेट. घरी पाचही पत्त्या लावून बघितल्या होत्या त्यांनी. म्हणाले, “खरं सांग. खोट पत्त्यांत हाये का माझ्यात?”

मी डबी घेतली. दारात गेलो, एकेक पत्ती उन्हासमोर धरली — पाचही! नीट तपासल्याचं नाटक केलं. चिरांतून ऊन सरळ दिसत होतं. तेव्हा खरं बोललो असतो तर काय झालं असतं? चार शिव्या, फार तर एक मुस्काटात. नव्या पत्त्या आणून ते पुढच्या लग्नात उभे राहिले असते.

मी म्हणालो, “पत्त्या बराबर हायेत, मास्तर.”

त्यांनी मान हलवली. “मंग माझाच दम गेला.” आणि क्लॅरोनेट, डबी, दोन्ही माझ्या ओट्यावर ठेवलं. “पत्त्या चांगल्या हायेत म्हणतोस, मंग वाया कशाला घालवायच्या?”

त्यांनी पुन्हा वाद्याला हात लावला नाही. त्या हंगामातच त्यांचा बँड मोडला. पुढे नऊ वर्षं जगले. लांबून बँड ऐकू आला तरी दार लावून घ्यायचे. आणि मी? त्यांच्याच क्लॅरोनेटला नवी पत्ती लावून वेशीमागून वेशी जिंकत गेलो.

यंदा गणपतीत पोरांनी माझा सत्कार ठेवला. माइकवर एक जण म्हणाला, गुलाबमास्तरांचा दम जिथं संपला, तिथून यांचा सुरू झाला. टाळ्या पडल्या. शाल द्यायला त्यांनी मास्तरांच्या बायकोला बोलावलं होतं.

काकू आता वाकल्यात. शाल उलगडता उलगडता हळूच म्हणाल्या, “ते शेवटपर्यंत म्हनायचे बरं का, माझी नजर गेली, पन त्याची लई बराबर हाये.”

मी मान खाली घातली. त्यांनी शाल माझ्या खांद्यावर नीट पांघरली, आणि मी ती घेतली.